चिंचेने उजळलेले आकडे

ओतीव लोखंड कोरडंच कापतात. त्याच्या लांब चमकदार साली निघत नाहीत, काळी मऊ भुकटी पडते आणि तिला फुटून गेलेल्या टिकल्यांसारखा वास येतो. मला तो वास नवा नाही. बंगळूरच्या पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीसाठी मी सुटे भाग विकत घेते. शेडाशेडांतून फिरायचं, माल मोजून बघायचा, मापात नसेल तर परत पाठवायचा, यात माझं बरंचसं आयुष्य गेलं आहे. तरी त्या दिवशी लोखंड कापून देणाऱ्या शिवण्णांच्या शेडमध्ये पाय टाकला, तो वास नाकात शिरला आणि मी दारातच थांबले. मशीनच्या टेबलावर आमच्या गाडीचं इंजिन होतं.

इंजिन म्हणजे नुसता ब्लॉक. वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलेलं, पिस्टन काढलेले, धुऊन-पुसून ठेवलेलं चार मोठ्या भोकांचं धूड. त्याच्या वरच्या सपाट अंगावर, जिथे हेड बसतं तिथे, पाण्याच्या भोकांभोवती गंजून खड्डे पडले होते. हेडखाली बसणारं गॅस्केट टिकत नव्हतं, पाणी तेलात उतरत होतं. इलाज एकच, ते अंग मशीनवर कापून नव्याने सपाट करायचं. रोजचं काम आहे. असे ब्लॉक शिवण्णांकडे सकाळी येतात आणि संध्याकाळी जातात. अडचण अशी की आमच्या इंजिनचा नंबर त्याच अंगावर, एका कोपऱ्यात, बोटभर रुंद पट्टीवर ठोकलेला आहे. पट्टी आणि बाकीचं अंग एकाच पातळीत. कटर फिरला की खड्डे जातील आणि नंबरही जाईल, भुकटी होऊन खाली पडेल.

बाबा गेल्यावर गाडी आईच्या नावावर करायची राहिली आहे. त्यासाठी ती तपासणीला न्यावी लागेल आणि तपासणारा माणूस बॉनेट उघडून पहिल्यांदा हा नंबर बघेल. नंबर नसेल तर गाडी रस्त्यावर यायची नाही. हे झालं सरकारचं. आईचं म्हणणं त्याहून सोपं होतं. ब्लॉक न्यायला टेम्पो आला तेव्हा ती दारात खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "आकडे गेले तर इंजिन परत आणू नकोस. तिथेच देऊन टाक कुणाला तरी."

"आणि गाडी?"

"कसली गाडी मग?"

मी टेम्पोवाल्याला ब्लॉक उचलायला सांगितलं. आमच्या घरात हा वाद घालता येत नाही.

आमच्याकडे संध्याकाळी दिवा लागला की शुभंकरोति, मग परवचा आणि परवच्याच्या शेवटी इंजिनचा नंबर. पाढे, पावकी, निमकी, दिडकी आणि मग त्याच चालीत, त्याच हेलात तो नंबर. बाबांनी हे का सुरू केलं ते मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही. मुलं काय, जे म्हणायला सांगतील ते म्हणतात. बाबांच्या कारखान्याच्या वसाहतीत आमची क्वार्टर पहिल्या मजल्यावर होती. खाली जयम्मा नावाच्या बाई राहायच्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण रोज ऐकून ऐकून सगळं पाठ झालं होतं. एकदा त्यांनी जिन्यात गाठून मला विचारलं की शेवटी म्हणता ते कुठल्या देवाचं स्तोत्र आहे. मी गाडीकडे बोट दाखवलं. त्यांनी पदर सावरून गाडीला नमस्कार केला आणि भाजी आणायला गेल्या.

गाडी फिकट हिरवी होती, म्हणून तिचं नाव पिस्ता. वसाहतीत रेनट्रीची झाडं होती, त्यांच्या सावलीत ती उभी असायची आणि तिच्या टपावर बारीक पानांचा थर साचायचा. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की बाबा चालत कामावर जायचे. पिस्ता फक्त रविवारची. आठवडाभर मी तिच्या मागच्या सीटवर बसून अभ्यास करायचे. उन्हाने तापलेल्या रेग्झिनचा, पेट्रोलचा आणि जुन्या रबराचा वास असा काही मिसळलेला असायचा की आजही पेट्रोल पंपावर उभी राहिले की इतिहासाचा पेपर आठवतो.

नंबरातला पहिला आकडा सात. तो तिरका आहे. तेव्हा हे आकडे माणूस ठोकत असे. पोलादी ठसा एका हातात धरायचा, दुसऱ्या हाताने हातोडी मारायची, मग पुढचा ठसा. पहिल्याच ठशाला त्याचा हात कलला असणार. बाकीचे आकडे रांगेत आहेत, सात मात्र पुढच्या आकड्याच्या खांद्यावर डोकं टेकल्यासारखा. बाबा म्हणायचे, त्याच क्षणी त्याला कुणीतरी हाक मारली असेल, जेवायला चल म्हणून. मी लहानपणी त्या माणसाचा फार विचार करायचे. तो जेवायला गेला का, आल्यावर त्याला सात दिसला का, वरच्या साहेबाने त्याला बोल लावला का.

शिवण्णांनी भिंग घेऊन तो सात बघितला, मग बाकीचे आकडे बघितले आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं की यावर अ‍ॅसिड कोणी मारलं. ते माझ्याशी कन्नडमध्येच बोलतात, मला अक्का म्हणतात, आणि इतक्या वर्षांत मी त्यांचा किती माल नाकारला आहे त्याचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत कायम असतो.

"चोरीची गाडी तर नाही ना, अक्का? चोर असंच करतात."

"चिंच," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मग मी त्यांना खंडेनवमीचं सांगितलं.

बंगळूरमध्ये त्या दिवसाला आयुधपूजा म्हणतात. रस्तोरस्ती कोहळे फोडलेले असतात, आत भरलेलं कुंकू वाटेवर सांडलेलं असतं, चालताना पाय घसरतो. चाकांखाली लिंबं. प्रत्येक रिक्षाला केळीचे खुंट. कारखान्यात त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. एरवी भिंतीपलीकडून नुसती घरघर ऐकू यायची, त्या दिवशी सगळी यंत्रं गप्प उभी असायची, झेंडूच्या माळा घालून, कपाळाला गंध लावून, शाळेच्या फोटोला बसवल्यासारखी. तेलाचा, झेंडूचा आणि उदबत्तीचा वास. हातात चुरमुऱ्यांचा पुडा. बाबांची खोली शेवटी. तिथे मापांची तपासणी व्हायची. आत बारमाही गारवा, काचेच्या कपाटांत आरशासारखे चकचकीत ठोकळे, त्यांना उघड्या बोटाने शिवायचं नाही, कारण बोटाच्या घामानेही पोलाद गंजतं. त्या खोलीत बाबांनी कधी फूल जाऊ दिलं नाही. बाहेरून दाराला कुंकवाचं एक बोट, बस्स.

आणि हाच माणूस घरी येऊन पिस्ताचं बॉनेट उघडायचा आणि आईला म्हणायचा, चल, घे.

इतर लोक गाडीच्या तोंडावर हार घालतात. आमच्याकडे पूजा नंबरची. पूजेआधी घरातली तांब्या-पितळेची भांडी, समया, देव चिंचेने घासले जायचे आणि वाटीत उरलेला कोळ घेऊन आई गाडीकडे यायची. नारळाच्या शेंडीने ती आकडे घासायची. मग बाबा बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचे. वर्षभराचं काळपट तेल निघून आकडे चांदीसारखे उजळायचे. मग गंध, अक्षता, एक झेंडू. आम्ही तिघं वाकून बघायचो. आई म्हणायची, "बघा, कसा हसतोय सात."

चिंच पितळेला चांगली. ओतीव लोखंडाला ती खाते. उजळलेला आकडा पुढच्या महिन्यात तांबूस व्हायचा, तांबूस झाला म्हणून पुढच्या नवमीला आणखी जोरात घासला जायचा. दरवर्षी थोडा उथळ. पोलादाला बोट न लावणाऱ्या माणसाला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. बहुधा त्यांनी तो एक दिवस कळण्यातून वगळला होता. आईला मी सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. त्या वाटीतल्या चिंचेला ती प्रसादच समजत होती.

शिवण्णा आधी हसले, मग भिंग पुन्हा डोळ्याला लावून एकेक आकडा बघत गेले. तपासणाऱ्याला चिंचेचं कोण सांगणार, एवढंच म्हणाले. माझ्या मनात सकाळपासून तेच होतं. आधीच आकडे असे झिजलेले, खाल्लेले. त्यांना कटरचा नुसता वारा लागला तरी उरायचे नाहीत, आणि जे उरतील त्यांच्याकडे बघून कुणीही संशय घेईल.

मग त्यांनी सोपा मार्ग सुचवला. त्यांच्याकडे ठशांचा संच आहे. अंग पूर्ण कापायचं, आरशासारखं करायचं आणि तोच नंबर त्याच जागी नव्याने ठोकायचा. पुष्कळ जण करतात. "जुन्यापेक्षा देखणा दिसेल," ते म्हणाले.

"देखणा दिसेल म्हणूनच नको."

परवानगीशिवाय असा नंबर ठोकणं गुन्हा आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पण खरं सांगायचं तर मला गुन्ह्याची भीती मागाहून वाटली. पहिली भीती अशी की ते सात सरळ ठोकतील. आणि तिरका ठोकला तर ते त्याहून वाईट.

मी माझा मार्ग सांगितला. मोठा कटर नंबरच्या अलीकडे थांबवायचा. गोल कटर तिथे थांबला की कोपऱ्यात एक तुकडा कापायचा राहतो, तो लहान कटरने वेगळा घ्यायचा. नंबरची पट्टी हेडच्या बाहेर येते, त्यामुळे ती केसभर उंच राहिली तरी काही अडत नाही. शिवण्णांनी मान हलवली. दोन कटरांची पातळी जुळवणं कठीण, जुळली नाही तर सांध्यातून पाणी सुटणार, आणि मग नाव त्यांचं जाणार.

"इतकी वर्षं माझा माल परत पाठवलात," ते म्हणाले. "आज मी तुमचा पाठवतो. घेऊन जा."

"न्यायला लागलं तर नेईन. आधी करून तर बघा."

"गळलं तर माझ्या दारात येऊन भांडायचं नाही."

"भांडेन. पण पैसे देऊन भांडेन."

"सरी," म्हणजे बरं, असं म्हणून ते टेबलाकडे वळले.

ब्लॉक बसवायला, पातळी बघायला बराच वेळ गेला. मी स्टुलावर बसले आणि उठले, पुन्हा बसले. बाहेर टेम्पो मागे घेणारे ओरडत होते, शेजारच्या शेडमधून प्रेसचे ठोके येत होते, प्रत्येक ठोक्याला माझ्या पायाखालची फरशी हलत होती, आणि फरशी हलते तर टेबल हलत नसेल कशावरून. मी तसं म्हणालेही. शिवण्णांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मला बंगळूरबाहेरची देवनहळ्ळी आठवत होती. रविवारी आम्ही तिकडे चकोते, म्हणजे पपनसं, आणायला जायचो. तेव्हा विमानतळ नव्हता. किल्ल्याच्या बाहेर द्राक्षांचे मांडव, लाल माती, विहिरीच्या पंपांचा टकटक आवाज, आणि डोक्याएवढे चकोते झाडाला लटकलेले. बाबा एकेक हातात घेऊन वजन जोखायचे, जड असेल तो रसाळ. मागच्या सीटवर माझ्या दोन्ही बाजूंना चकोते भरायचे आणि वळणावर ते माझ्या अंगावर येऊन आदळायचे. सगळ्या गाडीला त्यांच्या सालीचा कडवट, थंड वास. चढावर इंजिन तापलं की बाबा रस्त्याच्या कडेला थांबायचे, बॉनेट उघडायचे आणि आम्ही तिथेच झाडाखाली एक चकोता सोलायचो. आई त्याच्या पाकळ्यांवर तिखट-मीठ घालायची. इंजिन निवताना टिक टिक आवाज करायचं. कुणालाही घाई नसायची. मागच्या महिन्यात मी त्याच रस्त्याने टॅक्सीने गेले. मांडवांच्या जागी प्लॉटांचे दगड रोवले आहेत, प्रत्येकावर नंबर रंगवलेला. चकोते कुठे मिळतात म्हणून ड्रायव्हरला विचारलं, त्याने मोबाइलवर शोधून एका मॉलचं नाव सांगितलं.

मोठा कटर चालू झाला. त्याचा आवाज जाड, एकसुरी. काळी भुकटी उडायला लागली आणि त्याच्या मागे मागे लोखंडाचा राखाडी, कोवळा रंग उमटत गेला. तो रंग मी पिस्ताच्या कुठल्याही भागावर कधी बघितला नव्हता. कटर पहिल्या भोकावरून गेला, दुसऱ्या, तिसऱ्या. नंबरच्या कोपऱ्याजवळ यायला लागला तशी मी उभी राहिले. माझ्या हातात पर्सचा बंद होता, तो मी किती पिळला ते नंतर कळलं. कटर थांबला. नंबर आणि कटर यांच्यामध्ये बोटाचं पेर मावेल एवढी जागा होती.

मग लहान कटर. शिवण्णा डायल लावून पुन्हा पुन्हा पातळी जुळवत होते, हाताने चाक पुढे नेत होते, थांबत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तो घाम बघून मला आणखी धास्ती. कोपऱ्यातला तुकडा कापला गेला. त्यांनी मशीन बंद केलं, ब्रशने भुकटी झाडली, नखाने सांधा चाचपला. सांधा नखाला लागत नव्हता. मी श्वास सोडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "अक्का, नोडी."

बघा, म्हणून दाखवलेल्या जागी एक खड्डा उरला होता. कोपऱ्यातल्या पाण्याच्या भोकापासून निघालेला, निमुळता, शेपटासारखा. त्याचं टोक थेट साताकडे गेलं होतं.

"अजून एक हात घेतला तर साफ होईल," ते म्हणाले. "पण कटर सातापर्यंत जाईल. त्याची एक बाजू जाईल."

"आणि नाही घेतला तर?"

"गॅस्केट धरेल. बहुतेक." त्यांनी बहुतेक हा शब्द माझ्याकडे न बघता उच्चारला.

मी खड्ड्यावरून बोट फिरवलं. बारीक होता, पण होता. आमच्या घरात 'जवळजवळ' हा शब्द चालत नसे. पोळी जवळजवळ झाली म्हटलं तरी बाबा विचारायचे, म्हणजे कच्ची आहे का? माप बसतं किंवा बसत नाही. मीही तसंच वागत आले. त्याच्यावर नोकरी केली, त्याच्यावर शिवण्णांचा माल परत पाठवला. हा ब्लॉक दुसऱ्या कुणाचा असता आणि खरेदीसाठी माझ्यासमोर आला असता तर मी तो खड्डा बघून क्षणात नाही म्हटलं असतं. आता माझ्यासमोर सात होता, उथळ, तांबूस, कलंडलेला, आणि कटर त्याच्यापासून काडीभर दूर. बाबा असते तर त्यांनी काय सांगितलं असतं ते मला खरोखर माहीत नाही. मापांच्या खोलीतले बाबा म्हणाले असते, घ्या अजून एक हात. बॉनेटवर वाकलेल्या बाबांचं सांगता येत नाही.

शिवण्णांचा हात चाकावर होता. शेजारची प्रेस थांबली होती. जेवणाची सुट्टी झाली असावी.

"पुरे," मी म्हणाले.

"गळलं तर?"

"गळलं तर बघू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरातही कुणी कधी म्हटलं नसेल. मग त्यांनी कटर वर घेतला, पट्टीला तेलाचा हात लावला आणि आतल्या नळावर हात धुवायला गेले. जाता जाता म्हणाले की कागदावर माझी सही घेणार, खड्डा बघूनच माल स्वीकारला म्हणून. मी म्हणाले, घ्या. ते थट्टा करत होते. मी करत नव्हते.

आईचा फोन आला. जेवलीस का वगैरे विचारण्यात तिने वेळ घालवला नाही. "सगळे आहेत ना?"

"आहेत."

पलीकडे तिने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, भात लावते, ये. तिला खड्ड्याचं मी सांगितलं नाही.

ब्लॉक जुन्या चादरीत गुंडाळून टेम्पोत चढवला. ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, पुढे बसा, मागे धूळ आहे. मी मागेच बसले, ब्लॉकला गुडघे टेकवून. पीण्यातली दुपारची वर्दळ, लोखंडी सळ्या भरलेले ट्रक, रस्त्यात पडलेली खडी, प्रत्येक शेडपुढे एक उंचवटा. पहिल्याच उंचवट्याला ब्लॉक हलला आणि मी दोन्ही हातांनी तो धरला. काचेवर ठोकून ड्रायव्हरला म्हटलं, स्वल्प हळू. त्याने आरशातून बघितलं आणि विचारलं, आत असं काय आहे.

"लोखंड," मी म्हणाले.

तो हसला, पण हळू चालवायला लागला. मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले. मी चादरीच्या आत हात घातला, आकडे चाचपायला. बोटाला आधी तो खड्डाच लागला. मी बोट तिथून काढलं नाही, आणि तसेच आम्ही घरापर्यंत गेलो.